सोनेरी महालातले देव

प्रिय करुणा,

फोनवर तू रडतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहिते. मोतीराम भाऊजींना आशीर्वाद.

हे गेल्याला चार महिने होतील. मी बरी आहे. जेवते, झोपते. मेघा म्हणते, आई, माझ्याकडं पुण्याला चल. पण तिच्या घरी सासरचे देव, तिथं आपले कसे न्यायचे? त्यावर ती म्हणाली, जुने पितळी देव आहेत, सोनेरी महालातल्या म्युझियमला देऊन टाकू, नीट तरी राहतील.

म्हणून परवा बघायला गेले. जन्म महालाच्या शेजारी पहाडसिंगपुऱ्यात गेला, पण आत एकदाच गेले होते, लग्नाच्या वर्षी ह्यांच्यासोबत. बुंदेलखंडच्या राजानं बांधला, भिंतींवर सोन्याच्या पाण्यानं चित्रं काढली, पुढं निजाम सरकारकडं गेला, असं सगळं ह्यांनी सांगितलं होतं. सोनं कुठंय, विचारलं तर म्हणाले, सोनं गेलं, नाव राहिलं, तुझ्या बापानं कबूल केलेल्या पाटल्यांसारखं. लई हसलो होतो तेव्हा.

आता एका काचेच्या कपाटात कुणाच्या तरी देवघरातले देव मांडलेत. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबा. स्वच्छ आहेत. मी सवयीनं चपला काढल्या. तिथला माणूस हसला, मावशी, चपला घाला, हे मंदिर नाय. मी घातल्या. देवांना आंघोळ नाही, नैवेद्य नाही, मला वाईट वाटायला पाहिजे होतं. काहीच वाटलं नाही. राजाचा महाल, त्यात राजा नाही, देव आहेत, त्यांना पूजा नाही. बघितलं आणि रिक्षा न करता चालत घरी आले.

घरी देवघरापुढं उभी राहिले, तर आपलेही देव तसेच. तेराव्याला सुतक फिटलं, तेव्हापासून मी त्यांना पाणी घातलेलं नाही, करुणा. कापराची डबी भरलेलीच आहे. हात पुढं होत नाही. फक्त पुढं काच नाही, एवढंच.

वाटणीत देव थोरल्या घरी राहिले आणि तू पैठणला देवांच्या जागी सुपारी पुजलीस. इतकी वर्षं एक दिवस चुकवला नाहीस, मला ठाऊक आहे. म्युझियमला नको. पौर्णिमेला एसटीनं ये आणि देव घेऊन जा, तुझ्या हातची आंघोळ मिळू दे त्यांना. येताना तेवढी तुझी सुपारी माझ्यासाठी आण. एका सुपारीवर पळीभर पाणी घालणं मला जमेल, असं वाटतं.

तुझीच थोरली जाऊ,
लीला