वडिलांची खुळखुळणारी क्रिस

२ मार्च, तुगाया
मुलाचं, कमारोदीनचं, जमत आलंय. मुलीचे मामा शुक्रवारी येणार. त्यांना म्हणे आमच्या वंशावळीबद्दल शंका आहे. वडिलांची क्रिस, घराण्यातली नागमोडी तलवार, पुढे ठेवीन, विषय संपेल.
तलवारीचं वय मीच काढलं. पात्याला तेरा लाटा. लाटेला वीस वर्षं धरली तर दोनशे साठ. साधं गणित आहे, लोक उगाच बाऊ करतात.

३ मार्च
गंज फार. कलमान्सी लिंबं पिळून पातं घासलं. सोबायदा म्हणाली, माशासाठी आणली होती ती, आता तलवारच चाटत जेवा. बायकोला इतिहासाचं काही नाही.

४ मार्च
दोष सापडला. मुठीलगतचा रुंद तुकडा पात्यापासून सुटलाय. मध्ये केसाएवढी फट, हलवलं की खुळखुळतं. वडील ती कानाशी हलवून हसत बसायचे. म्हातारपण, दुसरं काय. सोबायदा म्हणाली, मामंजी तिथे कुणाला हात लावू देत नसत, आणि रेडिओही तुम्हीच दुरुस्त केला होतात. रेडिओची गोष्ट वेगळी होती.

५ मार्च, सकाळी १०
फटीत इपॉक्सी भरला.
दुपारी ४. कानस, मग पॉलिश पेपर. फट कुठे होती ते आता मलाही सांगता येणार नाही. आवाज बंद.

६ मार्च, शुक्रवार
मामा म्युझियममधून रिटायर झालेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
लाटा मोजल्याच नाहीत. क्रिस कानाशी नेऊन हलवली. मग चष्मा लावून मुठीलगत बराच वेळ शोधलं. म्हणाले, जुन्या क्रिसचा हा तुकडा वेगळा घडवून बसवलेला असतो, मधली फट दिसते, तुकडा बोलतो. अलीकडच्या एकसंध असतात, त्यांच्यावर लबाड लोक नुसती रेघ कोरतात. तुम्ही तीही कोरली नाहीत, माणसं सरळ दिसता.
मी सांगितलं, कालपर्यंत फट होती, मीच बुजवली. ते म्हणाले, सगळ्यांची कालपर्यंत असते.
जेवण मात्र पोटभर जेवले.

८ मार्च
नकार आला. कमारोदीन माझ्याशी बोलत नाही. सोबायदाने इपॉक्सीची ट्यूब कचऱ्यात टाकली.
क्रिस कानाशी धरून हलवली. काही नाही. वडिलांची फार आठवण आली.

९ मार्च
बारीक छिन्नी आणली. फट होती साधारण तिथेच रेघ कोरली. जरा तिरकी आलीय, पण लांबून जुनी वाटते.