कॅप्टन भुजंगराव आणि पंचवटीचा भाजीबाजार

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५. सकाळी ६.४०.
गच्चीच्या जिन्यात बसून कॅप्टन भुजंगरावांची मारामारी लिहीत होतो. ठोसा बसणारच होता, तेवढ्यात आईने दूध आणायला पाठवले.
'सागरथरार' मासिकाच्या संपादकांना दिवाळी अंकासाठी खलाशांच्या हाणामारीची कथा हवी आहे. ३१ तारखेपर्यंत. आवडली तर वर्षभर मालिका. पप्पांशी ठरले आहे: कथा छापून आली तर मी लेखक, नाही तर देवळाली कॅम्पात मामांच्या दुकानात फौजी बूट विकायचे.
मामांनी दुसरा माणूस शोधावा.

बुधवार, ६ ऑगस्ट.
कथा पूर्ण. तीनदा तपासली. एकही वेलांटी चुकलेली नाही.
चैतालीला वाचायला दिली. (धाकटी बहीण. न विचारता मत देते.) म्हणाली, दादा, हे खलाशी भांडतायत की सोसायटीच्या मीटिंगला बसलेत? 'आपण माझ्या रमच्या पिंपास हात लावू नये' असं कोण बोलतं? मी म्हणालो, कॅप्टन घरंदाज आहेत. ती म्हणाली, तुझं नाव संघर्ष ठेवून पप्पांचं चुकलंच.
दुर्लक्ष केले. कथा पाठवली.

मंगळवार, १२ ऑगस्ट.
संपादकांचा फोन. समुद्र झकास म्हणाले. (मी समुद्र पाहिलेला नाही.) पण भांडणात जीव नाही. कुणी तरी कुणाची तरी आयमाय काढायला हवी म्हणाले. महिनाअखेरपर्यंत सुधारून द्या, नाही तर राहू द्या.
संकल्प: पंचवटीच्या भाजीबाजारात जाऊन भांडणांचा अभ्यास. जहाज काय, भाजीबाजार काय. दोन्हीकडे जागेवरूनच जुंपते.

गुरुवार, १४ ऑगस्ट. सकाळी ७.
इस्त्रीचा पांढरा शर्ट, क्लिपबोर्ड, दोन पेन. गोजराबाई आणि मालनबाई शेजारी शेजारी बसतात आणि रोज भांडतात, अशी ख्याती. समोर उभा राहून मुद्दे लिहू लागलो.
दोघींनी क्रेट आत ओढले. गोजराबाई म्हणाली, साहेब, च्या घ्या. मालनबाईने बसायला पाटी उपडी घालून दिली. मला अतिक्रमणवाला साहेब समजले!
माझ्या चेहऱ्यावर अधिकार आहे, हे घरी कुणाला दिसत नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट.
चौथी फेरी. अजून भांडण नाही. मी लेखक आहे असे सांगून पाहिले. गोजराबाई हसली. म्हणाली, समजलं साहेब, नुस्ता सर्वे हाय ना? मेथीची जुडी पिशवीत कोंबली. मालनबाईने वर वांगी घातली.
शेवटी मीच भांडण काढले. म्हणालो, आपला पालक शिळा आहे. तिने हात जोडले. साहेब, तुमी म्हनता तर शिळाच.
अशाने साहित्य कसे व्हायचे?

शुक्रवार, २९ ऑगस्ट.
आज पप्पांच्या ऑफिसातले दत्तूकाका भाजी घ्यायला आले आणि मोठ्याने म्हणाले, अरे, हा तर जयरामचा पोरगा, घरीच असतो.
गोजराबाई उठली. आरं ए इस्त्रीच्या भुता! धा दिस फुकटचा च्या ढोसला माझा! बापानं साळंत घातला का चरायला सोडला व्हता तुला? मालनबाई तिच्या बाजूने. म्हणे, माझी वांगीबी गिळली या बोडक्यानं, जाय, नदीत जीव दे, न्हाय तर पैसं दे! सगळा बाजार हसत होता. दहा मिनिटे. इतके जिवंत भांडण मी कधीच ऐकले नव्हते.
घरी येऊन शब्द न् शब्द उतरवून काढला. मालिका माझीच.

रविवार, ३१ ऑगस्ट.
कथा पाठवली. सगळे भांडण घेतले. फक्त ते कॅप्टनना उद्देशून असल्यामुळे त्यांच्या प्रतिष्ठेला शोभेल इतपत सौम्य केले. 'इस्त्रीच्या भुता'ऐवजी 'महाशय'. 'पैसं दे'ऐवजी 'चहाचा हिशेब आपण सवडीने पाहावा'. शेवटी खलाशी माफी मागतात.
चैतालीने मूळ कागद वाचला, पोट धरून हसली. म्हणाली, हाच पाठव, वेड्या. तिला साहित्य कळत नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर.
संपादक म्हणाले, भांडणात अजूनही जीव नाही, मीटिंगच वाटते. अंकात दुसऱ्याची कथा गेली.
पप्पांनी मामांना फोन लावला.

सोमवार, ८ सप्टेंबर. देवळाली कॅम्प. दुपारी १.
दुकानात नऊ नंबरच्या बुटांचा एकच जोड उरला होता. दोन जवानांनी त्यावरून एकमेकांच्या कॉलरी धरल्या. बूट हवेत, शिव्या चार भाषांत. मी काउंटरखालून विनंती केली, की कृपया आवाज कमी ठेवावा, दुकानात मान्यवर ग्राहक आहेत. दोघे हसायलाच लागले आणि भांडण मिटले. मामा खूश. म्हणाले, पोरगं कामाचं आहे, आता कायम इथंच.

खर्च: क्लिपबोर्ड ६५, इस्त्री ३०, प्रिंट ४८. एकूण १४३.
देणे: गोजराबाई (चहा, मेथी) १४०, मालनबाई (वांगी) ६०, चैताली (उसने) २००. एकूण ४००.
येणे: काही नाही. (वर्षभराच्या मालिकेचे मानधन अद्याप धरलेले नाही.)