विरुपाक्ष गप्प का असतो

उमरगा,
ता. १७ डिसेंबर १९४७

तीर्थस्वरूप सौ. शांताक्कास,

धाकट्या महानंदाचा शरणु शरणार्थी, नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत. थंडीनं आईचा गुडघा धरलाय, पण पूजा चुकत नाही. टपालाचा भरवसा राहिला नाही, म्हणून सोलापूरला निघालेल्या सीताबाईंजवळ हे पत्र देते. रझाकारांच्या धास्तीनं गल्लीतली निम्मी घरं तिकडंच निघालीत.

तू धाडलेली कादंबरी वाचली. इंग्रजीवरून केलेली आहे, साहेबलोक ती पिढ्यान्‌पिढ्या वाचतात, असं तू लिहिलंस. ‘वाच आणि कोण आठवतं ते सांग,’ असंही. दुसरं कोण आठवणार? जत्रेत रडत बसलेला विरुपाक्ष आपल्या वडिलांनी, लिंगैक्य अण्णांनी, असाच घरी आणला होता.

पुस्तकातलं पोरकं पोर समुद्राकाठच्या जमीनदाराकडं वाढतं. जमीनदाराच्या लेकीचं लग्न झाल्यावर हा पोरगा तिच्या खिडकीखाली उभा राहतो, कुणाशी बोलत नाही आणि शेवटी मालकाची गलबतं जाळतो. त्याच्याविषयी सगळे बोलतात, त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. तो उभा राहिला की लिहिणारा म्हणतो, त्याच्या आत आग धुमसतेय. मला वाटलं, बिचाऱ्याला थंडी वाजत असेल.

शेवट ऐकून मल्लिकार्जुनदादा म्हणाला, “बघ! आपला बी असाच गप्प असतोय. कुठला, कुणाचा, कुणाला ठावं? असल्या दिवसांत असा माणूस घरात नको.” त्यानं विरुपाक्षाला घर सोडायला सांगितलंय. आई उठून पूजेला गेली.

मी परसात गेले. विरुपाक्ष बैलाची वेसण वळत होता. त्याला सगळी गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, “त्याचं आदीचं नाव काय होतं?”

“पुस्तकात न्हाय.”

“आन् आई?”

“ती बी न्हाय.”

हातातली दोरी खाली ठेवून तो म्हणाला, “अम्मा मला चन्ना म्हणायची.”

एका चुलीवरचं खाऊन आपण वाढलो, अक्का. आपण कधी विचारलं होतं?

तू दर पत्रात विचारतेस, ‘तो अजून उदास असतो का?’ मी उत्तर टाळत आले. तुझ्या लग्नात तो गोठ्यात रडत होता, हे खरं. त्याचं कारणही मी त्याला विचारलं. म्हणाला, “शांताक्का लई चांगल्या. पर पाव्हण्यांदेखत मला पंगतीतून उठवलं हुतं.” तुला हे लागेल. पण तो तुझ्यासाठी झुरला नाही.

आता राहिलेलं लिहिते. नवरा वारल्यावर मी माहेरी आले, तेव्हापासून या घरात मी जेवले का हे विचारणारा तो एकटाच. सगळे त्याला गप्प म्हणतात. माझ्याशी तो बोलतो, हसतोसुद्धा. उद्या आम्ही दोघं विजापूरकडं निघतोय. त्याच्या अम्माचं गाव शोधू, तिथंच पाट लावून संसार मांडू. आईला सांगायचा धीर झाला नाही. वाटेची भीती वाटते, आणि आईचं तोंड डोळ्यांपुढनं हलत नाही.

दादा म्हणेल, त्यानं फूस लावली. तू तरी तसं म्हणू नकोस. “मला घेऊन चल,” असं मीच म्हटलं. तो तर दोन दिवस नको नकोच करत होता.

माझ्यावर रागव, पण आईला एकदा येऊन भेट.

अजून म्हणू देशील तर, तुझीच बहीण
महानंदा