माझं उष्टं ट्रम्पेट

मी, भोजराज वल्द महागू मेंढे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा बँडमास्तर, मूळचा खैरलांजीकडचा, हल्ली राहणार बालाघाट, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवतो. डोकं शाबूत आहे, कोणाचा दाब नाही, भांग घेतलेली नाही. पुढचे दात गेल्यामुळे ट्रम्पेट सुटलं, बोलणं सुटलेलं नाही. मी सांगतो आहे आणि माझा एकुलता मुलगा गुणाकर, सरकारी कचेरीतला कारकून, लिहितो आहे. त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे, स्वभाव भित्रा. (हे लिहू का, असं तो विचारतो. लिही.)

कलम १. राहतं घर, विहीर आणि मागची चिंच गुणाकरला. भाऊबंदांपैकी कोणी हक्क सांगितल्यास तो खोटा समजावा. या घराची वीट न् वीट मी फुंकून मिळवली आहे.

कलम २. माळ्यावर एक पितळी ताट आहे, ते माझे थोरले बंधू प्रेमलाल यांना परत करावं. तरुणपणी मी तिरोडीच्या खाणीवर साहेबांच्या क्लबात बेअरा होतो. तिथे आगुस्तीन मास्तर नावाचे गोव्याचे गृहस्थ जॅझचा बँड चालवत. मी रोज खांबाला टेकून ऐकतो हे पाहून एका दुपारी त्यांनी स्वतःच्या तोंडचं ट्रम्पेट माझ्या हातात दिलं आणि मी ते ओठांना लावलं. परक्या जातीचं, त्यातून ख्रिस्ती माणसाचं उष्टं! मी गावी पोचायच्या आधी बातमी पोचली, आणि बंधूंनी हे ताट मला वेगळं काढून दिलं. पुढे त्यांच्याच मुलीच्या लग्नात माझा बँड लागला, तेव्हा आम्ही एका पंगतीत जेवलो. विटाळ बहुधा मांडवात शिरत नसावा.

कलम ३. विद्येची वाटणी कागदावर होत नाही, असं डोमाजी वकील म्हणतात. तरी लिहून ठेवतो. आगुस्तीन मास्तर आधी चाल सरळ वाजवून घेत. पाठ झाली की कागद उलटा ठेवत आणि म्हणत, आता हेच तुझ्या बोलीत सांग. माझी बोली कोणती, असं मी विचारलं. ते म्हणाले, घरी भांडतोस कोणत्या बोलीत? त्यातच वाजव, फक्त मागचा ढोल सोडू नकोस. म्हणून माझ्या ट्रम्पेटमध्ये खैरलांजीचं भांडण आहे, आणि ते मी साहेबांना नाचवत ऐकवलं आहे. साहेब गेले, क्लबाला कुलूप लागलं, तेव्हा मी लग्नाचा बँड काढला. क्लबातली एक संथ चाल मी विदाईला लावली. तिरोडीपासून उकव्यापर्यंतच्या पोरी त्या चालीवर रडत सासरी गेल्या. ज्या आधी रडल्या नव्हत्या, त्याही.

कलम ४. ढोल, बाकीचे बाजे, लाल कोट आणि बँडचं नाव माझा शागीर्द तेजराम याला. पोरगा गुणी आहे, पण नकलाकार आहे. विदाईच्या चालीत मला तंबाखूचा ठसका लागायचा, तोसुद्धा हा त्याच जागी खोकतो आणि म्हणतो, ‘मास्तर, हे घराण्याचं हाय.’ त्याला जन्मभर सुपाऱ्या मिळतील. ट्रम्पेट मात्र त्याला नाही.

कलम ५. ट्रम्पेट माझी सून अंजना हिला. ते तिरडीवर ठेवू नये, वैनगंगेत सोडू नये, पितळेच्या भावात विकू नये. दोन वर्षांमागे, माझे दात काढल्यानंतर, भर दुपारी परसातून म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज आला. पाहतो तो अंजना, डोईवर पदर, हातात माझं ट्रम्पेट. मला पाहून तिने ते पदराआड लपवलं.

“चुकलं माह्यं, मामाजी. तुमचं उष्टं तोंडाले लावलं.”

“लावलंच हाय तं नीट लाव,” मी म्हणालो. “गाल नोको फुगवू.”

तेव्हापासून गुणाकर कचेरीत गेला की मी शिकवतो. तिने माझी चाल महिन्याभरात उचलली आणि पुढच्या महिन्यात मोडली. मी जिथे खाली उतरतो तिथे ही वर चढते. विचारलं तर म्हणाली, “सासरी जाणारी मी होती, मामाजी. तुम्ही कोठी गेलते?” मला तिचा फार अभिमान वाटतो.

कलम ६. माझं प्रेत उचलण्यापूर्वी अंजनाने ओसरीवर, चारचौघांदेखत, विदाई वाजवावी. तोवर कोणी खांदा देऊ नये.

इथे गुणाकरने लेखणी खाली ठेवली. “बाबा, हे काहून लिवता? घरची सून रस्त्यावर बाजा फुकन? कचेरीत लोक हासतीन मले. खोडा हे.” मी म्हणालो, लोक हसतील, पण जागचे हलणार नाहीत. मी जिवंत असताना हा तिला वाजवू देणार नाही, आणि मेलेल्या बापाचा शब्द मोडायची याची छाती नाही, म्हणून तर हे कलम. त्याने लेखणी उचलली.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत असता अंजना दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली. गुणाकरकडे न पाहता मला म्हणाली, “मेल्यावर तुमाले काय आयकू येते, मामाजी? मी काहून थांबू?”

ट्रम्पेट घेऊन ती ओसरीवर गेली आणि भर बाजाराच्या दिवशी तिने विदाई वाजवली. सायकली थांबल्या. भाजीवाल्या टोपल्या उतरवून उभ्या राहिल्या. मधेच डोईचा पदर घसरला, तो तिने सावरला नाही, कारण दोन्ही हात कामात होते. मी रडलो. हसणाऱ्यांची वाट पाहत गुणाकर उंबऱ्यात उभा होता. मग तो बाहेर गेला आणि उन्हात वाजवणाऱ्या बायकोच्या डोक्यावर त्याने आपली कचेरीची छत्री धरली.

सबब कलम सहाची गरज उरली नाही. ते गुणाकरने स्वतःच्या हाताने खोडलं, ते मला मंजूर आहे.

मुक्काम बालाघाट, मध्यप्रदेश. तारीख १२ फेब्रुवारी १९६७.

सही : भोजराज महागू मेंढे

साक्षीदार : डोमाजी कोरे, वकील. मोतीलाल बावनकर, शेजारी. (दोघांनीही ऐकलं.)

लेखनिक : गुणाकर भोजराज मेंढे, अंजनाचा नवरा