वाढत्या अंगाचा कॉम्प्युटर

अप्पा, आज तुमच्यामुळं भर दुकानात माझं डोकं फिरलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माणसाला एक वस्तू धड घेऊ देत नाही तुम्ही. गेम खेळायला कॉम्प्युटर घेतोय मी. आता हे ऐकून तोंड वाकडं करू नका. पडदा असतो, खाली एक मोठा डबा असतो, आणि डब्यात एका बोर्डावर बिस्किटाएवढी चौकोनी वडी बसवायची असते. सगळा विचार ती करते. तिला प्रोसेसर म्हणतात. कमी पैशातला एक चांगला प्रोसेसर निवडायचा, एवढंच काम होतं, आणि त्या बिस्किटापायी महिनाभर मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो. व्हिडिओतला एक पोरगा म्हणतो, सहा कोअरचा, म्हणजे सहा मेंदूंचा घ्या, डोळे झाकून घ्या. दुसरा म्हणतो, सहा कोअर घेणारा रडणार. तिसऱ्याच्या मागं भिंतीला इतके भारी दिवे लावलेले, की मी प्रोसेसर सोडून ते दिवे कुठं मिळतात हेच शोधत बसलो आणि त्यात दोन दिवस गेले. माझं हे असंच होतं, तुम्हाला ठाऊकच आहे.

शेवटी गेल्या आठवड्यात पेठेतल्या दुकानात चौकशीला गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, कानामागं पेन. "कुटले गेम खेळणार, भाऊ?" मी म्हणालो, सगळे. "आन बजेट?" सांगितलं. तो हसला. "मग निम्मे खेळा, निम्मे दुसऱ्याचे बघा." आणि त्यानं माझ्यासमोर दोन वाटा मांडल्या. एक, जुन्या पद्धतीचा बोर्ड. तो स्वस्त, म्हणून उरलेल्या पैशात प्रोसेसर चांगला दणकट येतो, आजच्या आज झकास गेम चालतात. पण त्या बोर्डावर पुढं नवं काही बसणार नाही, आहे तेवढंच. दुसरी, नवा बोर्ड. पैसे त्यातच जातात, म्हणून प्रोसेसर हलका घ्यावा लागतो. "आज जरा दमानं चालंल," तो म्हणाला, "पण तीन-चार वर्सांनी नुसता प्रोसेसर बदलायचा, बोर्ड त्योच. फ्युचर-प्रूफ हाय की!"

फ्युचर-प्रूफ. अप्पा, त्या पोरानं तुमचंच वाक्य इंग्रजीत करून माझ्या तोंडावर मारलं.

मी शाळेत असतानाचा जून महिना आहे. गणवेशाच्या दुकानात तुम्ही काउंटरच्या आत उभे, गळ्यात टेप, समोर पोरांना बखोटीला धरलेल्या आयांची गर्दी. तुम्ही पोराच्या कमरेला चड्डी लावून बघता, आणि बरोबर बसली की लगेच बाजूला टाकता. "वाढतं अंग हाय ताई, दोन नंबर मोठी न्या." मैंदर्गीकडची कुणी बाई आली की तेच कानडीत, "दोड्डद तगोरी, अक्का." पोरगं झग्यात उभं असल्यासारखं दिसतं, आई खूश, मालक खूश. आणि संध्याकाळी तोच न्याय घरी. बुटात कापसाचा बोळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत. दर वर्षी तुम्ही माझ्या पॅन्टीची खालची दुमड उसवायचा, आणि उसवलेल्या जागी न विटलेला गडद निळा पट्टा दिसायचा. वर्गातली पोरं खाली वाकून पट्टे मोजायची. "ही चौथीतली हाय रे!" नवी असताना मोठी, आणि मापात आली तोवर विटलेली. माझ्या मापाचं नवं काही अंगाला लागलंच नाही, अप्पा. याचा मला आजही राग येतो.

म्हणून तर सुटलो मी. मंगळवेढ्याला सोलरच्या प्लेटा बसवल्या, गोव्यात हॉटेलात भांडी घासली, एका ट्रकवर क्लिनर म्हणून पार कोचीपर्यंत जाऊन आलो. तिथले मासे काय सांगू, पण ते राहू दे. सांगायचं हे, की कुठंही गेलो तरी सामान एक बॅग. त्या दिवसाच्या मापाचं. हा डबा बॅगेत बसत नाही, हे दुकानदाराला ठाऊक नाही. आईला ठाऊक आहे. चौकशी करून आलो त्याच दिवशी तिनं विचारलं, "डबा आला म्हंजे तू हितंच ऱ्हाणार की?" मी म्हणालो, बघू. "बघू म्हणूनच गेलतास मागच्या बारीला." मागच्या बारीला मी नसताना ती न्हाणीत पडली. शेजारच्या काकूंनी आठवड्यानं फोन केला. तोवर तिनं मला फोनवर जेवलास का, एवढंच विचारलं होतं.

चिडलोच आहे तर आणखी एक ऐका. तुमच्या आजारपणात तुमचेच शर्ट तुम्हाला मोठे व्हायला लागले. गळपट्ट्यात मान काडीसारखी. मी माढ्याहून येताना एक शर्ट आणला, मुद्दाम तुमच्या त्या वेळच्या मापाचा. तुम्ही खाटेवर बसूनच खांदा चिमटीत धरून बघितला. "बारका आणलास की रं. अंग भरंल माझं परत. दोन नंबर मोठा आण जा." मी उन्हातान्हात चरफडत गेलो आणि बदलून आणला. तुम्ही तो बाह्या दुमडून घातला. किती वेळा घातला असेल? एकदा धुतलेला मला आठवतो.

आज मी ठरवून गेलो होतो. जुना बोर्ड, दणकट प्रोसेसर, आजच्या मापाचं, उद्याचं उद्या. काउंटरवर कोपर टेकलं आणि तोंडातून निघालं, "त्यो नवा बोर्ड द्या. प्रोसेसर हलका चालंल." दुकानदार म्हणाला, "आत्ता बोललात शाण्यासारखं." त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. तुम्हालाही. सगळे सुटे भाग बांधून बिल करताना तो म्हणाला, "सील फोडलं की परत घेत नसतो बरं का. न फोडता चार दिवसांत आणलं तर बघू."

घरी आलो तर आईनं प्लगजवळची ज्वारीची कोठी एकटीनं ढकलून बाजूला केलेली. कमरेवर हात ठेवून उभी. "हितं मांड. लाईट हितं हाय." मग प्रोसेसरचा डबा हातात घेऊन उलटासुलटा केला. "येवडुसं? ह्येच्यापायी म्हैना घातलास व्हय?" आणि माझ्याकडं न बघता, "जोडून कदी हुईल?"

मी म्हणालो, एक वायर कमी पडतीय, आणावी लागेल.

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही म्हणून तर लिहिता येतंय. वायर कमी पडलेली नाही, अप्पा. सगळं आलंय. सील मी अजून फोडलेलं नाही.