खालची स्प्रिंग की उंच

बा, गाडी घेतली मी. दचकू नकोस, जीप नाही, टेम्पोही नाही. लाल आहे, दोन सीटची आहे, रेसची म्हणतात तसली. तिच्यात बसायचं म्हणजे आधी बूड टेकवायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे, पाटीखाली कोंबडी शिरते तसं. जुनीच आहे. नाशिकच्या एका द्राक्षबागवाल्याच्या पोराची होती, त्याचं लग्न ठरलं आणि घरच्यांनी त्याला ती विकायला लावली. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही मी, आणि आता बसले आहे ती स्प्रिंग कुठली टाकू ते विचारायला. हस खुशाल. पण जव्हार डेपोच्या ड्रायव्हरला नाही विचारायचं तर कोणाला विचारू? शाळेतल्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, मॅडम, या वयात?

तर अडचण अशी आहे. गाडी नाशिकला गॅरेजात उभी आहे. मिस्त्री म्हणतो, आधीच्या मालकानं हिला खाली बसवून घेतलीये. आखूड, कडक स्प्रिंगा आहेत. डांबरावर घोरपडीसारखी चिकटून जाईल, वळणात जरा हलायची नाही. पण तुमच्याकडच्या कच्च्या रस्त्याला पहिल्याच दगडावर चेंबर फुटेल आणि इंजिनाचं सगळं ऑइल मातीत जाईल. नाहीतर दुसरं करतो, म्हणाला, लांब, मऊ स्प्रिंगा टाकतो, वर स्पेसरच्या जाड चकत्या देतो, गाडी चांगली चार बोटं उंच होईल. कुठंही न्या. "फक्त दिसायला जरा शेळीवाणी दिसेल," म्हणाला मेला. एकदा काय ते ठरवा आणि शनिवारच्या आत फोन करा.

तू म्हणशील, यात विचारण्यासारखं काय आहे? आहे. जव्हारवरून मोखाडा करत नाशिकपर्यंत डांबर आहे, खड्डे चुकवत चुकवत खालची गाडीही जाईल. पण माझी शाळा वावर गावाच्या अंगाला, आणि तो रस्ता तुला माहीत आहे. अजून तसाच आहे, बैलगाडीचा बैलसुद्धा जरा थांबून विचार करतो. आणि माझ्या पर्समध्ये गेले दहा दिवस जिल्हाबदलीचा कागद आहे. नाशिकजवळची शाळा मिळाली आहे. हजर व्हायचं, नाहीतर नको म्हणून लिहून द्यायचं. म्हणजे खालची स्प्रिंग ठेवली तर मी चालले. उंच केली तर मी इथंच, निवृत्त होईपर्यंत. लोक कागदावर सही करून ठरवतात, तुझी लेक मिस्त्रीला फोन करून ठरवणार आहे. कागद बाहेर काढला की माझा हातच लुळा पडतो. काय करू?

ही लाल गाडी माझ्या डोक्यात कधी शिरली ते तुला आठवत असेल. मी नऊ वर्षांची आहे. दिवाळीची सुट्टी आहे, तू मला मोखाड्याच्या फेरीला बरोबर घेतलं आहेस, आणि मी तुझ्या बाजूला इंजिनाच्या झाकणावर बसले आहे. खाली आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गादी आहे, तरी बूड भाजतं आहे, आणि मला वाटतं आहे की सगळी एसटी मीच चालवते आहे. तू दर पाच मिनिटांनी थांबतोस. कोणी शेताच्या बांधावरून नुसता हात वर केला तरी थांबतोस, कंडक्टर कुरकुरतो, तू ऐकत नाहीस. नागलीचं पोतं येतं, कोंबड्या येतात, एक म्हातारी चढते आणि तिकिटाच्या ऐवजी तुला करवंदं... नाही, दिवाळीत कुठली करवंदं, काकडी असेल, काकडी देते. आणि घाटात मागून ती येते. लाल, बसकी, आत एक बाई आणि एक बुवा, बाईचे केस उडताहेत. हॉर्न देऊन भर्रकन पुढं जाते. मी ओरडते, बा, ती बघ, ती बघ! तू आरशातून मागं बघतोस, आपल्या भरलेल्या गाडीकडं, आणि म्हणतोस, "दोघांसाठी एवढा इंजिन? आणि कोणी हात केला तर घेनार कुठं?" वर हसतोस. मग माझ्या तोंडाकडं बघून हसू आवरतोस आणि म्हणतोस, "गाडी काय मिरवायचा दागिना आहे का, पोरी?"

मला तेव्हा राग आला होता, आणि खरं सांगू, अजून आहे. तुला ते वाईट वाटलं, दोनच सीट असणं. मला तेच हवं होतं. कोणी हात केला तर घ्यायला जागाच नाही! किती सुख असेल ते. अठरा वर्षं मी वडापच्या जीपला लटकून शाळेला जाते आहे, मांडीवर दुसऱ्याचं पोर, पायाखाली तिसऱ्याचं पोतं. जव्हारात उतरले की कोणाचा दाखला, कोणाचं गोळ्यांचं पाकीट, कोणाच्या सासूचा चष्मा. मॅडम जव्हारलाच राहतात ना, मग सांगा मॅडमना. नाही म्हणता येत नाही मला. तुझ्यासारखीच झाले, हात दिसला की ब्रेक.

मागच्या रविवारी मिस्त्रीनं मला त्या कडक स्प्रिंगांवर एक चक्कर मारायला लावली. चांगला डांबरी रस्ता, तरीही बारीक खडी लागली की थेट माकडहाडात कळत होती. अर्ध्या तासानं उतरले तर मला सरळ उभं राहता येईना. मिस्त्री म्हणाला, होईल सवय. आणि मी त्याच्या गॅरेजात, त्या टायरांच्या ढिगाशेजारी, भोकाड पसरायच्या बेतात आले. कारण तूही हेच म्हणायचास. डेपोतून येऊन ओटीवर पालथा पडायचास, आई पाठीला तेल चोळायची आणि विचारायची, फार दुखतं का? तू म्हणायचास, "सवय झाली ना का काय नाय." मी सगळ्यांना सांगत फिरायचे की एसटी किती मऊ असते! मऊ असणारच. आईनं ती गादी तुझ्या सीटसाठी शिवली होती, बा. तुझ्या सीटचा पत्रा वर आला होता म्हणून. मी बरोबर असले की तू ती काढून माझ्या खाली घालायचास. हे मला चाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या गाडीत बूड आपटल्यावर कळलं. आधी का नाही सांगितलंस? शहाणाच आहेस.

मग तुझी पाठ गेली. आधी डेपोत बसून करायचं काम दिलं, मग तेही होईना, मग खाट. खाट तू हट्टानं स्वयंपाकघराच्या दाराशी लावून घेतलीस, बोलायला माणूस पाहिजे म्हणून. तिथून तुला चूल दिसायची, स्टोव्ह दिसायचा आणि मी दिसायचे. ती सहा वर्षं मी कशी काढली ते मला विचारू नकोस, आणि तू कशी काढलीस ते मी विचारत नाही. सकाळी तुझं सगळं करून शाळा गाठायची, शाळा सुटली की धावत वडाप, आल्याबरोबर तुझी कूस बदलायची. दोघंही एकाच खोलीत अडकलो होतो, तू आडवा आणि मी उभी. तरी बरं, तुला गंमत सुचायची. एका रविवारी तू माझ्या हातात परात दिलीस, स्टिअरिंग म्हणून, आणि लाटणं जमिनीला टेकवून धरायला लावलंस, तो गिअर. पाटावर बसवून मला गाडी शिकवलीस! "क्लच दाब. दाब म्हनतो ना. आता सोड, हळू, हळूऽऽ, बंद पाडलीस!" आई भिंतीला टेकून हसत होती. पुढं खऱ्या गाडीवर लायसनची परीक्षा दिली तेव्हा साहेब म्हणाला, आधी कुठं शिकलात? मी म्हटलं, घरी.

ज्या वर्षी कुपोषणानं पोरं गेली, वावर-वांगणीकडं पांढऱ्या सरकारी गाड्यांची रांग लागली, आणि पेपरवाले येऊन आमच्याच पोरांच्या बरगड्यांचे फोटो काढून गेले, त्याच वर्षी ते नाशिकचं स्थळ आलं. मुलगा कारखान्यात होता, बोलायला चांगला होता. त्याच्या आईनं पोहे खाता खाता विचारलं, लग्नानंतर मुलगी नाशिकला बदली करून घेईल, पण इकडं यांचं कसं? तिनं खाटेकडं बघितलंसुद्धा नाही. तू खाटेवरून, सगळ्यांच्या देखत म्हणालास, "जा तू. माझा मी बघन." आई माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, बघू. पाहुणे गेले, पुढं आम्ही काही कळवलं नाही, त्यांनीही विचारलं नाही, आणि ते संपलं.

त्याचा राग मी इतकी वर्षं धरून आहे. तू एकदाच म्हणालास, बा. पाहुण्यांच्या देखत एकदा सगळेच म्हणतात, ते काय म्हणणं झालं? दुसऱ्यांदा म्हणाला असतास, आपण दोघंच असताना, तर मी गेले असते. हे मी आईला ऐकवलं, मैत्रिणींना ऐकवलं, एकदा रागाच्या भरात तुझ्या फोटोला ऐकवलं. तू गेलास तेव्हा मी म्हटलं, आता आईसाठी थांबायला हवं. आई गेली तेव्हा म्हटलं, शाळेतली पोरं आहेत. पोरं दरसाल दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडी-ठाण्याकडं कामाला निघून जातात, वर्गात सातआठ उरतात, तरी मी म्हटलं, पोरं आहेत. दरवेळी मला अडवायला कोणी ना कोणी सापडलं. आणि आता कोणी नाही तर मी रस्त्याला पुढं केलं. हे पत्र अर्धं ठेवून बुधवारी मिस्त्रीला फोन केला आणि सांगितलं, "उंच करा. आमच्याकडं रस्ते वाईट आहेत." तो बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर इतकं हलकं वाटलं की मला माझीच शंका आली.

आज सकाळी त्याचाच फोन आला. मी चहा ठेवत होते. "मॅडम, स्प्रिंगा खोलायला घेतोय. नंतर मला बोल लावाल म्हणून दुसऱ्यांदा विचारतो, उंचच ना?" घरात आता गॅस आहे, बा. गॅसला स्टोव्हसारखा आवाज नसतो. "हॅलो? मॅडम, ऐकू येतंय का?" इतकं स्वच्छ ऐकू येत होतं की काय सांगू. मी म्हटलं, "येतंय. राहू दे. खालचीच राहू दे." तो म्हणाला, "मग शाळेला कशा जाणार?" मी म्हटलं, "तिकडं नाही जाणार आता." माझा आवाज फुटला होता, त्याला वाटलं रेंज गेली. मग पर्समधून कागद काढला आणि सही केली. अक्षर बघितलं असतंस तर पहिलीतलं म्हणाला असतास.

गादी अजून आहे. उद्या गाडी आणायला जाताना नेणार आहे, कडक स्प्रिंग आहे, लागेल. बाजूची सीट एकच आहे. कोणी हात केला तर एकाला घेईन, उगाच माझ्या नावानं खडे फोडू नकोस. हे पत्र कुठं टाकणार, म्हणून गादीच्या खोळीत घालून वरून टाके मारते. पण टाके घालायच्या आधी एक लिहायचं आहे. वर मी लिहिलं की तू एकदाच म्हणालास. ते खोटं आहे. पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाण्याला गेली होती, घरात आपण दोघंच होतो, आणि मी चहा ठेवत होते. तू खाटेवरून म्हणालास, "पोरी, खरंच जा तू." मला ऐकू आलं होतं, बा. मी स्टोव्हला चार पंप जास्त मारले.