उलट्या गोलकीपरचा भाव

३ नोव्हेंबर
म्हणे गुंतवणूक! बबलगमच्या पुडीत फुकट मिळायची ही खेळाडूंची कार्डं, आणि त्यांच्या लिलावाला लोक कोट घालून येतात. या खेपेचा हिरो एक गोलकीपर. छापताना फोटो उलटा पडला म्हणून 'दुर्मीळ'! छापखान्याची चूक झाली की भाव वाढतो, माझी झाली की पगार कापतात.

आमच्या लिलावघराचं माहितीपत्रक मीच लिहिते. 'संग्राहकांचं स्वप्न' असं लिहिलं. लिहितानाच जांभई आली.

५ नोव्हेंबर
बाबांचा फोन. निवृत्त झाल्यापासून हातात पेपर आणि डोक्यात भुंगा. "अगं, पैसा बँकेत नुसता लोळतोय. तुमच्या त्या कार्डांत काही जमतं का बघ ना."

म्हटलं, "तो आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचा पैसा आहे बाबा. लोळू द्या." फुगले. फुगू देत!

आमच्याकडे खरं काय चालतं ते सांगून टाकायला हवं होतं. पण ऑफिसची गोष्ट घरी न्यायची नाही, ही साहेबांची ताकीद. आणि लाजही वाटते. अशा ठिकाणी पोरगी काम करते, हे कुठल्या तोंडाने सांगू?

८ नोव्हेंबर
हसून हसून पोट दुखलं. साहेबांच्या कपाटात तसलेच आणखी गोलकीपर पडून आहेत. एक चढ्या भावाला 'विकला' की बाकीच्यांचं सोनं होतं. म्हणून आजच्या लिलावात साहेबांनी भाच्याला गिऱ्हाईक म्हणून बसवलं होतं. बोली चढवायची, समोरचा थांबेपर्यंत थांबायचं नाही. पैसे या खिशातून त्या खिशात.

पण साहेबांचा भागीदारही कमी नाही! त्याने गुपचूप आपला मेहुणा बसवलेला. त्यालाही तोच हुकूम. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. झालं — दोघे रेड्यांसारखे भिडले! साहेब माइकवर खूश, मोठा मासा लागला म्हणून. मेहुण्याचं धाडस शेवटी सरलं आणि कार्ड भाच्याच्या गळ्यात पडलं. आपलेच दात, आपलेच ओठ!

आत जाऊन दोघे भागीदार आधी एकमेकांवर खेकसले, मग टाळ्या देऊन हसले. टाळ्या द्यायलाच हव्यात. चोरांनाही एवढं नशीब लागतं.

९ नोव्हेंबर
पेपरात आलं. 'उलट्या गोलकीपरला विक्रमी भाव.' बातमीदाराला खोटं कोण आणि खरं कोण, याच्याशी काय घेणं!

१४ नोव्हेंबर
कपाटातला दुसरा गोलकीपर फोनवरच्या बोलीत गेला. या वेळी घेणारा खरा! फोन भाच्याने घेतला होता. म्हणाला, "थरथरत्या आवाजात 'अजून वाढवतो' म्हणत होता हो!" सगळे हसलो. मीही. लोभ सुटला की माणूस अक्कल गहाण ठेवतो, दुसरं काय.

१७ नोव्हेंबर
त्या दुसऱ्या गोलकीपरचं पार्सल पत्ता चिकटवायला माझ्याकडे आलं. बाबांचं नाव. आमचं घर.

पार्सल तसंच टेबलावर ठेवलं. नंतर जिन्यात जाऊन फोन केला. बाबांचा आवाज असा की जणू लॉटरी लागलीय. "तुला चकित करायचं होतं! पेपरातल्या भावापेक्षा स्वस्तात मिळालं बघ. थोडं थांबून दुपटीने विकू, आईला दवाखान्यात स्वतंत्र खोली घेऊ. तुझं ऑफिस आहे म्हणून तर डोळे मिटून घेतलं." मागून आई विचारत होती, "जेवलीस का गं?"

"जेवले," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. गप्प राहण्याची एवढी सवय झालीय मला! स्वतःची शिसारी आली.

१८ नोव्हेंबर
साहेबांपुढे रडले. त्यांनी पाणी दिलं. "विकलेला माल परत घेत नाही, तुला माहीत आहे. पण वडिलांना म्हणावं, पुढच्या लिलावात ठेवा. आपण आहोतच की."

'आपण' म्हणे!

६ डिसेंबर
बाबांचं कार्ड विकलं गेलं. बोली चढवायला मी स्वतः बसले होते. बाबांचे पैसे वसूल होईपर्यंत हात वर करत राहिले, मग खाली घेतला. माझ्यासमोर बोली लावणारे आजोबा काठी टेकत माझ्यापाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "तू थांबलीस म्हणून मिळालं, पोरी. फार उपकार झाले."